एमबीए ‘आपोआप’ होत नाही: दरवर्षी फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

सीईटीचा (एमबीएच्या राज्य प्रवेश परीक्षेचा) निकाल लागून कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच असतो. एमबीएला प्रवेश मिळाला की डिग्री झालीच म्हणून समजा. सीईटी नावापुरती आहे. कॉलेजलाच निकाल चांगला हवा असतो, त्यामुळे नापास कुणी होत नाही. निम्मे मार्क तर त्यांच्याच हातात. प्रोजेक्ट तयार मिळतो. कागदपत्रांचं कॉलेज बघून घेतं. एखादा विषय राहिलाच तर कधीही काढता येतो. एवढाही व्याप नको असेल तर ऑनलाइन एमबीए करा, किंमत तीच. आणि प्लेसमेंट ९५ टक्के.

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा मेसेज चालतो. एमबीएचा अभ्यासक्रम काही सीएच्या परीक्षेसारखा अंगावर येत नाही. रोज वर्गात बसणारा, वेळच्या वेळी असाइनमेंट देणारा विद्यार्थी सहसा पास होतो. अडतं ते बहुतेकदा अभ्यासाच्या बाहेर: एखाद्या अंतर्गत चाचणीला दांडी मारली म्हणून, आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र आणलं नाही म्हणून, शिष्यवृत्तीचा अर्ज नूतनीकरण केला नाही म्हणून. ‘काही करायला लागत नाही’ हे ऐकून आलेला विद्यार्थी नेमका याच ठिकाणी गाफील असतो.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांतल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएबद्दल आणि मुंबई विद्यापीठाच्या एमएमएसबद्दल आहे. (एमएमएस ही एमबीएच्या बरोबरीचीच पदवी, ‘एमएमएस म्हणजे खरं एमबीए नव्हे’ हीसुद्धा अशीच एक अफवा.) गुणांची विभागणी आणि पासिंगचे नियम विद्यापीठागणिक आणि पॅटर्नगणिक (म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीगणिक) बदलतात. ते तुमच्या बॅचच्या सिलॅबसच्या सुरुवातीच्या पानांत असतात. विषयांची यादी शोधण्याच्या घाईत सगळे हीच पानं ओलांडून पुढे जातात.

“सीईटी नावापुरती, प्रवेश कुठेही मिळतो”

पात्रतेपुरतं हे जवळजवळ खरं आहे. पदवीला ५० टक्के (महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ४५) आणि सीईटीत शून्याहून जास्त गुण एवढं असलं की अर्ज करता येतो. २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, अशा परीक्षेत शून्य मिळवणंच अवघड. बऱ्याच कॉलेजांत फेऱ्या संपल्यावर जागाही उरतात.

पण प्रवेश कोणत्या दाराने घेतला, यावर दोन वर्षांचा खर्च ठरतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजांना २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरता येतात. ‘फेऱ्यांची कटकट कशाला, थेट या’ असं सांगितलं जातं ते बहुधा याच जागांसाठी. तिथे प्रवेश घेतला की शिक्षण शुल्काच्या सरकारी सवलतीवर पाणी सोडावं लागतं, कारण त्या योजनांना प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळू शकते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. यात दोन गोष्टी निसटतात. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, विकास शुल्क भरावंच लागतं. आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ही योजना लागू नाही. ‘मुलींना फी नाही’ एवढंच ऐकून अशा विद्यापीठात प्रवेश घेतला, तर सगळी फी घरच्यांच्या खिशातून जाते.

आरक्षित जागेवर प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि, एससी-एसटी सोडून इतर मागास प्रवर्गांना, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हाताशी हवं. ते मुदतीत दिलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. नॉन-क्रिमीलेअर गेल्या वर्षीचं असणं ही तर नेहमीची चूक. ते नवं काढायला सीईटीच्या निकालाची वाट बघायची गरज नसते. एप्रिलमध्येच तहसील गाठलेलं बरं.

कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावानिशी बघता येते. पावतीवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. त्यावर ‘डोनेशन’ मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

दुसऱ्या वर्षी मात्र बरेच जण अडकतात. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं, असं नसतं. दुसऱ्या वर्षी तो नूतनीकरण करावा लागतो. पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जे खातं आधारशी जोडलं त्यात ते जातात, आणि ते खातं बंद पडलेलं असेल तर हप्ता लटकतो. तो आला नाही की कॉलेज फीची बाकी दाखवतं, आणि बाकी असली की परीक्षा फॉर्मवर सही मिळवताना खेटे घालावे लागतात.

“नापास कुणी होत नाही, निम्मे मार्क कॉलेजच्या हातात”

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा भाग हा. अंतर्गत गुण कॉलेज देतं, हे खरं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये तीन क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) विषयाला ५० गुण अंतर्गत आणि ५० गुण सत्रअखेरच्या लेखी परीक्षेला होते. काही ठिकाणी ही विभागणी ४०-६० असते. पण या दोन्ही भागांच्या गुणांची बेरीज करून पास करत नाहीत. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. पासिंग ४० टक्के धरलं तर ५० पैकी २० इथेही हवेत आणि तिथेही. समजा अंतर्गत ४२ आणि लेखीत १७. बेरीज ५९, घरी दाखवायला आकडा झकास, आणि विषयात नापास. मुंबईसारख्या ठिकाणी पासिंगची टक्केवारी त्याहून वर असू शकते. तेही त्या न वाचलेल्या पानांतच असतं.

उलट बाजू आणखी अडचणीची. लेखीत नापास झालात तर अंतर्गत गुण सहसा पुढे धरले जातात आणि फक्त पेपर द्यावा लागतो. अंतर्गतमध्येच कमी पडलात तर ते घटक पुन्हा करावे लागतात, आणि ते कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणे. चाचणी, केस स्टडी, सादरीकरण, तोंडी, ओपन बुक असे हे घटक सत्रभर चालू असतात, प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते आणि विद्यापीठ ती मागवू शकतं. परीक्षेच्या आठवडाभर आधी ‘सर, सांभाळून घ्या’ म्हणणाऱ्याला सर सांभाळूनही घेतील कदाचित, पण नोंदवहीत पाच घटकांपैकी तीन कोरे असतील तर त्यांच्याही हातात फार काही उरत नाही. हजेरीचंही तसंच: साधारणपणे ७५ टक्के लागते, आणि टर्म ग्रँट झाली नाही (सत्र पूर्ण धरलं गेलं नाही) तर परीक्षेचा फॉर्मच जात नाही. नोकरी सांभाळून पूर्णवेळ एमबीए ‘मॅनेज’ करणारे बहुतेक इथे सापडतात.

आता लेखी. मार्केटिंग किंवा ऑर्गनायझेशनल बिहेव्हिअरमध्ये मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थीही, मुद्दे सुटे लिहून आणि एखादं खरं उदाहरण देऊन, बऱ्यापैकी निभावून जातो. विषय राहतात ते अकाउंटिंग, फायनान्शियल मॅनेजमेंट आणि डिसिजन सायन्समध्ये (निर्णयांच्या गणितात), आणि राहतात ते बीए, बीफार्म, बीई अशा सगळ्यांचे. इंजिनीअरला गणिताची भीती नसते, पण डेबिट-क्रेडिट त्याने कधी पाहिलेलं नसतं.

ब्रेक-इव्हनचं साधं गणित घ्या. स्थिर खर्च ६,००,००० रुपये, विक्री किंमत नगाला ५०० आणि चल खर्च नगाला ३००. नगामागे योगदान (किंमत वजा चल खर्च) २००, म्हणून ना नफा ना तोटा ३,००० नगांवर, म्हणजे १५ लाखांच्या विक्रीवर. दोन लाख नफा हवा तर आठ लाख भागिले २००, म्हणजे ४,००० नग. इथवर सगळे येतात. प्रश्नाचा तिसरा भाग असतो: किंमत दहा टक्क्यांनी उतरवली तर व्यवस्थापनाने काय करावं? किंमत ४५०, योगदान २०० वरून १५० वर, आणि तोच दोन लाखांचा नफा मिळवायला ५,३३४ नग विकावे लागतील. किंमत दहा टक्के उतरली, तर विक्री तब्बल ३३ टक्के वाढायला हवी. बाजारात तेवढी मागणी आहे का, कारखान्याची तेवढी क्षमता आहे का, हे दोन वाक्यांत लिहायचं असतं. एमबीएच्या पेपरात गुण या दोन वाक्यांना असतात. बीकॉम केलेला विद्यार्थी आकडा काढून पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि ‘सगळं बरोबर होतं तरी मार्क कसे कमी’ म्हणून हैराण होतो.

डिसिजन सायन्समधला ठरलेला खड्डा वाहतुकीच्या (कारखान्यांतून गोदामांत माल कमीत कमी खर्चात नेण्याच्या) उदाहरणात आहे. तीन कारखाने आणि चार गोदामं असतील तर भरलेले चौकोन ३ + ४ − १, म्हणजे सहा हवेत. पाचच भरले असतील तर एका योग्य रिकाम्या चौकोनात एप्सिलॉन (नगण्य आकडा) मांडल्याशिवाय उत्तर तपासायच्या मोडी (MODI) पद्धतीत यू आणि व्हीच्या किमती निघतच नाहीत. मग विद्यार्थी अर्धा तास त्याच तक्त्यात फिरत राहतो. असाइनमेंटच्या (माणसांना कामं वाटून देण्याच्या) उदाहरणात ओळी-स्तंभ समान नसतील तर डमी ओळ किंवा स्तंभ घालायचा आणि नफा वाढवायचा असेल तर आधी सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळे आकडे वजा करायचे, या दोन पायऱ्या विसरल्या की पुढचं सगळं सुबक पण चुकीचं येतं.

ग्रेडचं गणितही आधी समजलेलं बरं. दहा गुणांच्या श्रेणीत एसजीपीए (सत्राची सरासरी श्रेणी) म्हणजे प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. तीन क्रेडिटच्या पाच विषयांत ८, ७, ७, ६, ५ आणि दोन क्रेडिटच्या दोन विषयांत ९, ९ मिळाले असतील तर १३५ भागिले १९, म्हणजे ७.११. तोच ५ चा विषय ७ वर नेला तर ७.४२ होतो. आवडीच्या दोन क्रेडिटच्या विषयात ९ चे १० केले तर जेमतेम ७.२१. तरीही बहुतेकांचा वेळ त्या आवडीच्या विषयाचं पीपीटी सजवण्यात जातो.

“प्रोजेक्ट तयार मिळतो”

मिळतो. कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत पेन ड्राइव्हवर मिळतो, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. त्यामुळेच तो पकडायला फारसं डोकं लागत नाही.

समर इंटर्नशिप दुसऱ्या सत्रानंतर साधारण आठ आठवड्यांची असते आणि तिचे गुण तिसऱ्या सत्रात धरले जातात. मधली साखळी अशी: कंपनीचं पत्र, रुजू अहवाल, गाइडकडून मंजूर झालेला विषय आणि सिनॉप्सिस, आठवड्याची नोंद, कच्चा मसुदा, साम्य तपासणी (मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघणं), कंपनीचं पूर्ततेचं प्रमाणपत्र आणि शेवटी तोंडी. यातलं प्रमाणपत्र फार सतावतं. ते लेटरहेडवर, तारखांसह आणि सही करणाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह हवं. तारखा मोजल्यावर आठऐवजी सहाच आठवडे भरतात, किंवा रुजू पत्रावरची तारीख शेवटच्या पेपरच्या आधीची असते, असं वारंवार घडतं. कंपनीतल्या ज्या माणसाने काम दिलं तो दोन महिन्यांत नोकरी बदलून गेला की दुरुस्तीचं पत्र मिळवणं म्हणजे निव्वळ मनस्ताप. प्रमाणपत्र कंपनीतून निघण्याच्या दिवशीच, सगळ्या तारखा वाचून घ्या.

विकतचा अहवाल तोंडीत कसा उघडा पडतो ते बघा. कंपनीचं नाव ‘शोधा आणि बदला’ करून बदललेलं असतं, पण चौथ्या प्रकरणातल्या आलेखाच्या आत जुनं नाव तसंच राहतं, कारण ते चित्र असतं. त्याहून बारीक खूण टक्केवारीत असते. तिसऱ्या प्रकरणात नमुना ५० जणांचा लिहिलेला असतो आणि पुढच्या तक्त्यात ‘३७ टक्के ग्राहक समाधानी’. पन्नासात एक माणूस म्हणजे दोन टक्के. ३७ टक्के म्हणजे साडेअठरा माणसं. परीक्षक पान उघडून फक्त एवढंच विचारतो, ‘ही अर्धी व्यक्ती कोण?’ आणि तोंडी तिथेच संपते. तक्ता १०० जणांच्या दुसऱ्या अहवालातून उचललेला असतो, बाकी काही नाही.

स्वतः केलेल्या अहवालातही दोन दोष नेहमीचे. एक, नमुना कसा निवडला हे लिहिलेलं नसतं. मित्रांच्या ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून ‘यादृच्छिक नमुना’ म्हटलेलं असतं. सोयीने निवडलेला नमुना असेल तर तसंच लिहा, त्याने गुण जात नाहीत. खोटं नाव दिल्याने जातात. दुसरा, गृहीतक पहिल्या प्रकरणात मांडलेलं असतं आणि पुढे त्याची चाचणीच नसते, फक्त पाय चार्टची रांग. दोन वर्गवारींचा संबंध बघायचा असेल तर काय-स्क्वेअर चाचणी पुरते, एक्सेलमध्ये होते. फक्त चौकोनातल्या अपेक्षित वारंवारता पाचच्या खाली जात असतील तर आधी गट एकत्र करा.

साम्य तपासणीबद्दल उलट दिशेने घाबरवणाराही एक मेसेज आहे: १० टक्क्यांच्या वर गेलात तर यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नोंदणी रद्द करते. यूजीसीची २०१८ ची वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियमावली प्रबंधांसाठी आहे. तिच्यात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, आणि नोंदणी रद्द होते ती ६० च्या वर. असाइनमेंट आणि प्रकल्प अहवाल त्या नियमावलीच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. तुमच्या समर प्रोजेक्टला लागू होतो तो कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा स्वतःचा नियम, जो बऱ्याचदा तोच दहा टक्क्यांचा आकडा उचलतो. मर्यादा किती आणि ती संदर्भसूची वगळून मोजणार का, हे गाइडकडून ईमेलवर विचारून घ्या. कंपनीची माहिती तिच्या संकेतस्थळावरून जशीच्या तशी चिकटवली तर दुसरं प्रकरणच सगळी मर्यादा खाऊन टाकतं.

“कागदपत्रांचं कॉलेज बघून घेतं”

कॉलेज तुमची फाइल पुढे पाठवतं. फाइलमध्ये कागद आणायचे तुम्हीच.

दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घेऊन आलेल्याला मायग्रेशन लागतं आणि एलिजिबिलिटी (नव्या विद्यापीठाकडून पात्रता) मंजूर व्हावी लागते. ती ‘तात्पुरती’ असताना वर्गात बसता येतं, अनेकदा पहिल्या सत्राची परीक्षाही देता येते. मग निकाल राखीव ठेवला जातो. मायग्रेशनसाठी मूळ विद्यापीठ टीसी, शेवटची गुणपत्रिका, कधी पदवी प्रमाणपत्र मागतं आणि तिथला कारभार संथ असेल तर दोन-तीन महिने सहज जातात. कॅपची फेरी चालू असतानाच अर्ज टाकून द्यावा. पदवी आणि एमबीएच्या मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

नावाचा घोळ आपल्याकडे खास. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं आणखी वेगळं. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेली क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन नोंदीचं) खातं आधारवरून उघडतं आणि विद्यापीठाच्या नोंदीशी नाव जुळलं नाही की क्रेडिट तिथे दिसत नाहीत. पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) मिळाल्यावर विद्यापीठाच्या पोर्टलवर नावाचं स्पेलिंग आणि आईचं नाव लगेच तपासा. पहिल्या सत्रात ही दुरुस्ती एका अर्जाने होते. पदवी छापून आल्यावर राजपत्र, प्रतिज्ञापत्र, शुल्क आणि विद्यापीठाच्या खिडक्या.

“राहिलेले विषय कधीही काढता येतात”

कधीही नाही. यूजीसीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अभ्यासक्रमाची मुदत अधिक दोन वर्षं, अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक. दोन वर्षांच्या एमबीएसाठी म्हणजे चार, फार तर पाच. विद्यापीठं यावर आपापले अध्यादेश लावतात, कधी विशेष संधीही देतात. पण त्या संधीच्या भरवशावर बसणं म्हणजे लॉटरीवर घर चालवणं.

त्याआधीच पॅटर्न बदलाचा फटका बसतो. अभ्यासक्रम बदलला की जुन्या पॅटर्नच्या परीक्षा ठरावीक वेळाच होतात. त्यानंतर समकक्ष विषय देऊन नव्या पॅटर्नमध्ये बसावं लागतं, म्हणजे जो विषय एकदा जमला नाही त्याचं नवं पुस्तक आणि नव्या पद्धतीचा पेपर. बॅकलॉग लगेचच्या परीक्षेत काढण्याचं खरं कारण हेच. शिवाय ऑफर लेटरमध्ये रुजू होईपर्यंत सगळे विषय पास असण्याची अट सर्रास असते.

निकाल अनपेक्षित लागला तर थेट पुनर्मूल्यांकनाला धावू नका. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. बेरीज चुकली आहे का, एखादं उत्तर किंवा पुरवणी तपासायची राहिली आहे का, बघा. ही चूक सापडली तर अर्ज नक्की टाकावा. सगळं तपासलेलं असेल आणि तीन गुण कमी पडत असतील तर विषय शिक्षकाला छायाप्रत दाखवून मग ठरवा. दोन्हीची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती थोड्या दिवसांची असते. गावी असाल तर फक्त मोबाइलवर निकाल बघून थांबू नका, परिपत्रकही उघडा.

“ऑनलाइन एमबीएची किंमत तीच”

कायद्याने, हो. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीतल्या कलम २२ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. नोकरी सांभाळणाऱ्याला नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू हा सरळ मार्ग आहे. पूर्णवेळ कॉलेजात नाव घालून गैरहजर राहण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आणि स्वस्त. २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायलाही मुभा आहे.

अट एकच, पण तिच्यात सगळं आलं: त्या विद्यापीठाला त्या सत्रासाठी, त्या अभ्यासक्रमाची परवानगी असावी. ती यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर सत्रनिहाय दिसते, आणि आता प्रवेशाआधी विद्यार्थ्याला तिथेच स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. ‘सहा महिन्यांत एमबीए’, ‘मागच्या तारखेची डिग्री’, ‘आमचं स्टडी सेंटर सगळं सांभाळतं’ ही वाक्यं कानावर आली की उठून यावं. सहा महिन्यांत कुठलंच एमबीए होत नाही आणि फ्रँचायझी देऊन केंद्र चालवायला परवानगी नाही.

“प्लेसमेंट ९५ टक्के”

आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. तो कशाच्या ९५ टक्के हे सांगितलेलं नसतं. जाहिरातीत छेद असतो ‘पात्र आणि नोंदणी केलेले विद्यार्थी’. बॅकलॉग असलेले, हजेरी कमी असलेले, नोंदणी शुल्क न भरलेले, घरच्या धंद्यात जाणार असं लिहून दिलेले आधीच बाहेर.

एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत) भाग घेणाऱ्या कॉलेजांना भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तक्ता शोधा. पहिल्या वर्षाची प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, किमान मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), उच्च शिक्षणाला गेलेले असे रकाने असतात. माहिती कॉलेजनेच भरलेली असते हे खरं, तरी जाहिरातीपेक्षा तिच्यात पळवाटा कमी.

समजा एखाद्या कॉलेजात क्षमता १२०, प्रवेश ११२, किमान मुदतीत उत्तीर्ण ८८ आणि नोकरी लागलेले ५४. प्लेसमेंटसाठी नोंदणी ५७ जणांची असेल तर जाहिरात ९५ टक्के म्हणणार. उत्तीर्ण झालेल्यांच्या हिशोबाने ते ६१ टक्के आहेत, आणि ज्यांनी फी भरून प्रवेश घेतला त्यांच्या हिशोबाने ४८. पगारही सरासरी नव्हे, मध्यक बघा. एकाला परदेशात मोठं पॅकेज मिळालं की सरासरी फुगते, मध्यक जागचा हलत नाही. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले तर एखादं वर्ष नशिबाने चांगलं गेलं होतं का, तेही कळतं.

आणि ‘नापास कुणी होत नाही’ हा मुद्दा तपासायचा असेल तर त्याच तक्त्यातले प्रवेश आणि किमान मुदतीत उत्तीर्ण हे दोन आकडे वजा करा. वरच्या उदाहरणात फरक २४ येतो: काही सोडून गेले, काही विषयात अडकले. ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा त्याचा खरा आकडा काढा आणि प्राचार्यांना विचारा की या मुलांचं काय झालं. सरळ उत्तर देणारी कॉलेजं आहेत.